कलम १३८ची (चेक बाऊन्सची) तक्रार ई-फायलिंगला टाकली, पीडीएफ सर्चेबल नाही म्हणून ऑब्जेक्शन

नवा_वकील: नमस्कार मंडळी, चेक बाऊन्सची तक्रार ई-फायलिंगवर टाकली होती, पीडीएफ सर्चेबल नाही म्हणून ऑब्जेक्शन आलंय. टायपिस्टकाकांनी टाईप केलं, प्रिंटवर सह्या घेतल्या, मग मोबाईलने फोटो मारून पीडीएफ बनवली. आरोपीला नोटीस ४ जूनला मिळालीय, आज १४ जुलै, पार्टीचा रोज फोन, "साहेब, केस लागली का?" माझी पहिलीच केस आहे, रात्री झोप नाही.

दिवाणी_फौजदारी: आधी तारीख मोजा. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला आरोपीला १५ दिवस असतात, ते १९ जूनला संपले, २० जूनला तक्रारीचं कारण घडलं (म्हणजे तक्रारीचा हक्क सुरू झाला), तिथून एक महिना, म्हणजे २० जुलैपर्यंत मुदत आहे. उशीर झालाच तर त्याच कायद्याच्या कलम १४२मध्ये सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण त्यावर विसंबू नका, आजच बसा.

कोर्ट_टायपिंग: फोटोची पीडीएफ नुसतं चित्र असतं हो, त्यात शब्द शोधता येत नाहीत. तक्रार वर्डमधूनच पीडीएफ करा आणि सही डिजिटल किंवा आधार ई-साइनने करा, ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो. खरी गोम मराठीत आहे. काकांनी जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलं असेल तर पडद्यावर छान मराठी दिसेल पण आत सगळी इंग्रजी अक्षरं असतात. त्या पीडीएफमधला 'धनादेश' कॉपी करून व्हॉट्सअॅपला पेस्ट करा, देवनागरी आलं तर युनिकोड (कुठेही मराठीच दिसणारं टायपिंग), नाहीतर फॉन्ट कन्व्हर्टरमधून काढून एकेक ओळ वाचा, जोडाक्षरं हमखास बिघडतात.

दिवाणी_फौजदारी: बरोबर. आणि चेक, बँकेचा मेमो (चेक परत आल्याची चिठ्ठी), पोस्टाची पोच हे मोबाईलने नको, स्कॅनरवर ३०० डीपीआयला (स्पष्टतेचं माप) घ्या आणि ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं शोधता येतील. स्कॅनर नसेल तर कोर्टातल्या ई-सेवा केंद्रात जा, तिथे मदत मिळते. मूळ चेक जिवापाड जपा, पुराव्याच्या वेळी तोच लागणार.

नवा_वकील: पेस्ट करून बघितलं, सगळी कंसं आणि इंग्रजी अक्षरं!! काकांच्या शेजारी बसून युनिकोडमध्ये पुन्हा करून घेतोय. आणि मेमोची पिन काढली तर खाली तारीख होती, माझ्या फोटोत ती पूर्ण झाकली गेली होती. नोटीस पाठवायचे ३० दिवस बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून मोजायचे ना. उद्या सकाळी ई-सेवा केंद्रात जातो. मनापासून आभार.