बनगरवाडीतला मास्तर नुसता बघ्या नाही

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' कादंबरीतला मास्तर नुसता बघ्या आहे, त्याला स्वतःचं असं काही नाही, हे मत मला अजिबात पटलं नाही. गेल्याच महिन्यात पुन्हा वाचली. मिसरूड फुटलेला पोरगा, पण अख्ख्या गावाला कामाला लावून तालीम उभी करतो! आपल्या पोरीच्या, अंजीच्या चोळीवरून गावचा कारभारी त्याच्यावर बिनसतो तेव्हा तर माझाच जीव खालीवर झाला.

आणि तालीमच का? आटपाडीकडचा हा मुलूख तेव्हा औंध संस्थानातला. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते, संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केलेले. अशा राजाला उद्घाटनासाठी धनगरांच्या वाडीवर आणायचं, तर मास्तरनं दुसरं काय बांधायला हवं होतं?