दिवसाला पन्नास अर्ज टाकून विद्यार्थ्याला नोकरी लागते का?

ओसरी
काल इथे एकानं विद्यार्थ्यांना सल्ला दिला: "मंदी आहे, निवडत बसू नका. एकच रेझ्युमे रोज पन्नास ठिकाणी टाका, कुठेतरी लागेलच." खाली धन्यवादांची रांग बघून राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

मंदीत एकेका जागेवर अर्जांचा ढीग पडतो. भरती करणारा आधी रेझ्युमेचा वरचा एकतृतीयांश भाग बघतो आणि तिथे 'मेहनती, शिकण्याची तयारी' एवढंच दिसलं की पुढे जातो. त्यापेक्षा आठवड्याला आठ-दहाच अर्ज करा, पण प्रत्येकाला अर्धा तास द्या. जाहिरातीतल्या अटी दोन रकान्यांत मांडा: सक्तीच्या, आणि असल्यास बऱ्या. सक्तीच्यांपैकी निम्म्याही जमत नसतील तर जागा सोडून द्या. बाकीच्यांत प्रत्येक अटीसमोर एक पुरावा लिहा. 'टीममध्ये काम केलं' यातून काहीच कळत नाही. 'चौघांच्या प्रकल्पात ३००० नोंदी तपासल्या, दुबार नोंदी शोधणारी स्क्रिप्ट लिहिली' यातून कळतं. अनुभव नसेल तर प्रयोगशाळा, ग्रंथालय, महोत्सवाचा हिशेब, काहीही चालतं. तुम्ही नेमकं काय केलंत ते दिसलं पाहिजे.

कातळ
असहमत. तुम्ही पदवीनंतरच्या नोकरीबद्दल बोलताय. शिकता शिकता काम शोधणाऱ्याचं काय? काउंटरवरच्या, गोदामातल्या, कॉल सेंटरमधल्या कामात मॅनेजर पहिल्यांदा बघतो की माणूस कोणत्या वारी, किती ते किती मोकळा आहे. ते वेळापत्रक रेझ्युमेत नावाखालीच हवं, परीक्षेचे आठवडे वेगळे दाखवून. तिथे तुमचा पुराव्यांचा तक्ता कोणी वाचत नाही. शिवाय पुरेसे अर्ज आले की बऱ्याच जाहिराती मुदतीआधीच बंद होतात. तुम्ही अर्धा तास घासत बसा, तोवर जागा गेलेली असते.

पारंबी
दोघंही मुद्दा चुकताय. माणूस वाचेपर्यंत पोचतंय कोण? आधी सॉफ्टवेअरची चाळणी लागते. जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत तळाशी भरायचे, हाच उपाय.

निर्मोही
कृपा करून हे विद्यार्थ्यांना शिकवू नका. रेझ्युमे वाचताना सॉफ्टवेअर मजकूर उपसून काढतं, त्यात अक्षरांचा रंग उरत नाही. भरती करणाऱ्याला तो शब्दांचा ढिगारा उघडा दिसतो आणि फसवाफसवी म्हणून अर्ज तिथेच संपतो.

ही सॉफ्टवेअर मुख्यतः अर्ज साठवतात, शोधून देतात, क्रम लावतात. आपोआप नकार येतो तो बहुतेकदा फॉर्ममधल्या प्रश्नांमुळे: कामाचा परवाना आहे का, पदवी कधी पूर्ण होणार, रात्रपाळी चालेल का. घाईत चुकीचं खूण केलेलं एक उत्तर पुरतं. पन्नासवाल्यांचं नेमकं इथेच बिघडतं.

दुसरी गडबड मांडणीत असते. दोन रकान्यांच्या तयार साच्यात डावी-उजवी ओळ एकमेकींत मिसळते. फोन नंबर पानाच्या शीर्षपट्टीत टाकला तर काही ठिकाणी तो वाचलाच जात नाही. कौशल्यांच्या रंगीत पट्ट्यांतून काहीही निघत नाही, आणि स्कॅन केलेला कागद तर निव्वळ चित्र. तपासायचं कसं? पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये डकवा. तिथे क्रम विस्कटला, तर सॉफ्टवेअरलाही तो बहुधा विस्कटलेलाच मिळणार. तारखा सगळीकडे एकाच पद्धतीनं, महिना आणि वर्ष.

पारंबी
पांढऱ्या अक्षरांचं मागे घेतो. पण शब्द जुळावे लागतात हे तरी मान्य करा! जाहिरातीत 'डेटा विश्लेषण' आणि तुमच्याकडे 'आकडेवारीचं काम' असेल, तर शोधात तुम्ही येणारच नाही.

निर्मोही
ते मान्यच आहे. जे खरंच येतं ते जाहिरातीच्याच शब्दांत लिहा, अनुभवाच्या ओळीत, जिथे केलं तिथे. फक्त तो मुद्दा तुम्ही आधी मांडला नव्हता.

पाटीपेन्सिल
रेझ्युमेच्या मांडणीवर अर्धा धागा गेला, ओळखीबद्दल एक शब्द नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांची त्या व्यक्तीशी वारंवार भेट होत होती. बाकीच्यांना दूरच्या ओळखी उपयोगी पडल्या. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक वापरकर्त्यांवरच्या प्रयोगातही मध्यम-सैल ओळखीच सरस ठरल्या. जवळच्या मित्राला तुम्हाला ठाऊक तेच ठाऊक असतं, हे त्यामागचं कारण.

विद्यार्थ्याच्या अशा ओळखी म्हणजे दोन वर्षं पुढचे सीनियर, पाहुणे वक्ते, जुने प्रकल्प-मार्गदर्शक. शंभरेक शब्दांत लिहा: ओळख कुठली, एक नेमका प्रश्न, पंधरा मिनिटं बोलता येईल का. पहिल्याच निरोपात नोकरी मागू नका. आठवड्यानं एकदा आठवण करा, मग थांबा. जागा निघाली की जाहिरातीचा क्रमांक, रेझ्युमे आणि त्यांना जशाच्या तशा पुढे पाठवता येतील अशा तीन ओळी द्या.

कातळ
ग्रॅनोव्हेटर यांनी विचारलं ते नोकरी बदललेल्या व्यावसायिकांना, विद्यार्थ्यांना नाही. आणि त्याच २०२२ च्या प्रयोगात कमी डिजिटल उद्योगांत घट्ट ओळखी अधिक कामाच्या ठरल्या, ते का गाळलंत? ज्याच्या घरात कोणी शिकलेलं नाही त्यानं सीनियर आणायचे कुठून? ओळखीचे सल्ले ओळखी असणाऱ्यांनाच फळतात. चीड येते अशानं.

पाटीपेन्सिल
घट्ट ओळखींचं बरोबर आहे, लिहायला हवं होतं. पण घरची ओळख मी म्हटलीच नाही. सीनियर आणि मार्गदर्शक महाविद्यालयातच भेटतात, त्यांना विचारायला घरचं कोणी शिकलेलं असावं लागत नाही.

ओसरी
कातळ, पाळीच्या कामांपुरतं तुमचं मान्य, तिथे वेग महत्त्वाचा. पदवीनंतरच्या जागेसाठी नाही.

कातळ
तिथेही दोन-तीन प्रकारच्या कामांसाठी वेगवेगळे रेझ्युमे आधीच तयार ठेवा आणि दर वेळी वरच्या चार ओळी बदला. दहा मिनिटांत होतं. आणि पहिली नोकरी मनासारखी नसली तरी घ्या. कॅनडाच्या पदवीधरांवरच्या २०१२ च्या अभ्यासात मंदीत बाहेर पडलेल्यांची मिळकत दहा वर्षांपर्यंत मागे राहिली, पण जी तूट भरली ती हळूहळू चांगल्या कंपन्यांकडे सरकल्यामुळे. सरकायला आधी कुठेतरी लागावं लागतं.

ओसरी
घ्या, पण कामाच्या बदल्यात पगार हवा. आणि नोंदणी शुल्क, प्रशिक्षणाची अनामत किंवा मूळ प्रमाणपत्रं मागणारी जागा असेल तर अर्जच करू नका. घाईघाईत पन्नास अर्ज टाकणारी मुलं अशा जाळ्यात लवकर सापडतात.