भागीदार काही लपवतोय, की मीच संशयी झालोय? (मदत हवी आहे)

नमस्कार. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी निम्म्या-निम्म्या हिश्श्याने व्यवसाय सुरू केला. उत्पादन मी बघतो. विक्री, वसुली आणि बँक तो.

गेल्या सात-आठ महिन्यांत काही गोष्टी खटकायला लागल्या. एका पुरवठादाराचा थेट मला फोन आला, तीन बिलं थकलीत म्हणून. आमच्या वहीत ती चुकती दिसतात. विचारलं तर म्हणाला, "चेक लिहून ठेवलेत, द्यायचे राहिलेत." असं होऊ शकतं, मान्य. पण महिन्याभराने तोच पुरवठादार रोखीशिवाय माल द्यायला तयार होईना.

बँकेचं स्टेटमेंट पूर्वी न मागता यायचं. आता मागून मिळतं, तेही एक्सेलमध्ये, बँकेची मूळ पीडीएफ नाही. नेटबँकिंगचा पासवर्ड बदलला, नवा मला अजून सांगितलेला नाही. खर्चात एक नवा सल्लागार दिसतो: दर महिन्याला गोल आकडा आणि बिलावर फक्त 'सेवा शुल्क'. कसली सेवा, हे अकाउंटंटलाही सांगता येईना. अकाउंटंट तर हल्ली माझ्याशी शब्द तोलूनच बोलतो.

एकदा भागीदाराला सगळं विचारलं. "माझ्यावर विश्वास नाही का?" एवढंच उत्तर मिळालं आणि मग चार दिवस अबोला. त्याच्या घरी दीर्घ आजारपण चालू आहे, पैशांची ओढाताण असणार. मला सांगितलं असतं तर जास्तीची उचल घ्यायला मी आनंदाने हो म्हटलं असतं.

ही लक्षणं खरंच धोक्याची आहेत का? आणि संबंध न तोडता हिशेब कसा मागू?

प्रतिसाद १
यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिचं साधं कारण असू शकतं. पण पुरवठादार म्हणतो थकलंय आणि वही म्हणते दिलंय, याला 'गैरसमज' म्हणून सोडू नका. वहीची बाजू एकच माणूस लिहितो, म्हणून बाहेरचा कागद हवा. तुम्ही खात्यावर सही करणारे असाल तर स्वतः बँकेत जा आणि वर्षभराचं मूळ स्टेटमेंट घ्या. मोठ्या पुरवठादारांकडून आणि ग्राहकांकडून येणं-देणं लेखी मागवा. ग्राहकाने दिलेले पैसे आपल्या खात्यात कधी जमा झाले, त्या तारखा जुळवा. चोरी अनेकदा याच फटीत लपते. त्याचा खाजगी मेल किंवा फोन मात्र उघडू नका, उद्या तेच तुमच्यावर उलटेल.

प्रतिसाद २
मी यातून गेलोय. वाईट वाटेल म्हणून दीड वर्ष गप्प बसलो. मग कळलं की फर्मच्या नावाने कर्ज उचललंय. साध्या भागीदारीत एकाच्या सहीने दुसराही बांधला जातो, आणि फर्मकडे पैसा नसेल तर ज्यांचं देणं आहे ते आपल्या खाजगी मालमत्तेपर्यंत पोचतात. त्यामुळे बँकेत फक्त शिल्लक विचारू नका. कर्ज, ओव्हरड्राफ्ट, हमी, सगळं विचारा. आणि इथून पुढे ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक व्यवहाराला दोघांच्या सह्या लागतील अशी सूचना लेखी द्या.

मागताना आरोप करू नका. "वर्षाचा हिशेब दोघांनी मिळून तपासू, बाहेरचा ऑडिटर आणू," एवढंच म्हणा. अडचणीतला माणूस आधी चिडतो, पण कागद पुढे ठेवतो. लपवणारा तारीख पुढे ढकलत राहतो.

मूळ लेखक
दोघांचे मनापासून आभार. काल बँकेत गेलो होतो. स्टेटमेंट मिळालं. त्या तीन बिलांच्या रकमा खात्यातून गेल्यात, पण पुरवठादाराकडे नाही, त्याच सल्लागाराकडे. रात्रभर झोप लागली नाही. दोन सह्यांचा अर्ज आज देतोय. त्याच्याशी बोलण्याआधी करारनामा घेऊन वकिलाकडे जाऊ, की आधी एकदा समोरासमोर बसू? कुणाचा अनुभव असेल तर कृपया लवकर सांगा.