एफ लागत नाही, दुसरी तार भणभणते: चूक हाताची की गिटारची?

सहावी_तार, ऐरोली

चार महिन्यांपासून घरीच व्हिडिओ बघून शिकते आहे. गिटार ४१ इंची ड्रेडनॉट, लॅमिनेटेड लाकडाची. तारा स्टीलच्या, बाराचा सेट (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच). सी, जी, डी, ए मायनर, ई मायनर येतात, पण एकावरून दुसऱ्यावर जाताना हात अडखळतो. अडचणी अशा:

एफ कॉर्ड अजिबात लागत नाही, सहापैकी तीन तारा मुक्या. सी धरला की दुसरी तार भणभणते. मोकळी वाजवली तर स्वच्छ. सकाळी ट्यून केलेली गिटार संध्याकाळी उतरलेली असते. आणि आईची भजनं काळी चारमध्ये असतात, त्यांच्यासोबत वाजवायचं तर कुठून सुरू करू?

रोज पाऊण तास देते. क्लास लावायचा नाही. आता पावसाळा उतरेपर्यंत थांबावं का, हेही सांगा.


नौपाडा_नट, ठाणे

"बोटं कडक व्हायला वेळ लागतो" असं कुणीतरी लिहीलच, त्याआधी मापं घ्या. पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी हवी, जिचा शून्य थेट कडेपासून सुरू होतो अशी. प्लॅस्टिकच्या पट्टीला कडेला मोकळी जागा असते, तिने माप चुकतं.

गिटार आधी ट्यून करा; सैल तारांवरचं माप खोटं. मग बाराव्या फ्रेटच्या पत्र्यावर पट्टी उभी टेकवून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर बघा, सहाव्या आणि पहिल्या तारेचं.

दुसरं माप: सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि मानेचा जिथे बॉडीशी सांधा आहे तिथल्या, म्हणजे बहुतेक चौदाव्या, फ्रेटवर एकाच वेळी दाबा. पहिल्यावर कापो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला की एक हात मोकळा राहतो. आता सहाव्या-सातव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे? गॅरेजवाले स्पार्क प्लगसाठी जो फीलर गेज वापरतात तो हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्याच्या पात्या घालून बघा.

तिसरं: कापो काढा. दुसरी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली झेरॉक्सचा कागद सरकवा. एक पदर साधारण ०.१ मिमी. किती पदर जातात ते लिहा.

शेवटी कापो पहिल्या फ्रेटवर लावून एफचाच आकार एक फ्रेट वर धरा. वाजतो का?


सहावी_तार, ऐरोली

बाराव्या फ्रेटवर सहावी ३.४ मिमी, पहिली २.६. मधली फट: ०.४५ची पात जाते, ०.५५ची अडकते. कागदाचे चार पदर आरामात गेले. आणि कापो लावून एफ बऱ्यापैकी वाजला! फक्त पाचवी तार थोडी मुकी.


नौपाडा_नट, ठाणे

मग निकाल लागला. तुमच्या एफचा निम्मा दोष नटचा आहे. नट म्हणजे डोक्याकडची ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. खाचा उथळ राहिल्या की पहिल्या फ्रेटवर तार फार उंच असते, आणि बॅरे कॉर्डला (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या ती) नेमकी तिथेच सगळ्यात जास्त ताकद लागते, कारण तार अडकलेल्या टोकाच्या अगदी जवळ दाबायची असते. कापो लावला की नट बाजूला पडतो. म्हणून एफ वाजला. कागदाचा एक पदर जेमतेम जावा, जाड तारांना थोडं जास्त चालतं. चार म्हणजे खूपच.

सी मधली भणभण त्याच घरची. तारा इतक्या उंच असताना मोकळी तार स्वच्छ आणि पहिल्या फ्रेटवर दाबलेली भणभणते, याचा अर्थ ती पुरती दाबली जात नाही. फ्रेट उंचसखल असता तर वेगळी खूण दिसली असती: एकाच फ्रेटवर भणभण आणि त्याच्या मागेपुढे स्वच्छ. फक्त मोकळी तार भणभणली असती तर खाच गरजेपेक्षा खोल. पहिल्या चार-पाच फ्रेटवर सगळ्याच तारा भणभणल्या तर मान फार सरळ किंवा उलटी वाकलेली.

आता क्रम. हा उलटा केलात तर केलेलं काम वाया जाईल.

आधी तारा बदला. बाराचा सेट ट्यून केल्यावर मानेवर सत्तर किलोच्या वर ओढ असते. दहाचा घातला तर साठच्या आसपास येते. आवाज थोडा बारीक होईल, पण घरी शिकताना काही बिघडत नाही. ओढ कमी झाली की मान आपोआप थोडी सरळ होते, म्हणून नव्या तारांवर एक दिवस जाऊ द्या आणि मधली फट पुन्हा मोजा. ०.२ ते ०.२५ मिमीवर आली असेल तर ट्रस रॉडला (मानेच्या आतली, तिचा बाक कमीजास्त करणारी सळई) हात लावू नका.

तरी जास्तच असेल तर ट्रस रॉड. टोक डोक्याजवळच्या झाकणाखाली किंवा साउंडहोलमधून आत दिसतं. चावी मापाची हवी. मिलिमीटरच्या नटात इंचातली चावी घुसवली की षटकोन गोल होतो आणि मग तो दुरुस्तीवाल्याचाही राहत नाही. तारा थोड्या सैल करा, घड्याळाच्या दिशेने एक अष्टमांश फेरा, पुन्हा ट्यून, पुन्हा माप. एका बैठकीत पाव फेऱ्याच्या पुढे नाही. अडलं तर जोर लावायचा नाही. अगदी स्वस्त गिटारींत रॉड नावापुरता असतो.

मगच नट, आणि तो दुकानात करून घ्या. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते. हॅक्सॉच्या पात्याने घरी खाच पाडली आणि ती मागे खुंट्यांकडे उतरती राहिली नाही, तर मोकळी तार सतारीच्या जवारीसारखी वाजते. सतारीत ती मुद्दाम करतात, इथे नको. खाच जास्त खोल गेलीच तर बेकिंग सोडा आणि सुपरग्लूने भरता येते, पण ते ठिगळच. दुकानात नुसतं "अ‍ॅक्शन (तारांची उंची) कमी करा" म्हणू नका. तसं म्हटलं की बरेच जण थेट सॅडल (बॉडीवर तारा टेकतात ती पट्टी) घासतात, आणि नट होता तिथेच राहतो. "पहिल्या फ्रेटवर तार उंच आहे, नटच्या खाचा या तारांच्या मापाने करा" असं सांगा. ट्रान्स-हार्बरने येणार असाल तर दुपारची गाडी धरा. सकाळच्या गर्दीत गिगबॅगच्या डोक्यावरच सगळ्यांचा भार येतो.

ट्यूनिंग उतरतं त्याला दोन-तीन कारणं असतात. नवी तार पहिले काही दिवस ताणतच असते. चढवल्यावर बाराव्या फ्रेटजवळ हलकेच उचलून ओढा, पुन्हा ट्यून करा, असं चार-पाच वेळा. खुंटीवर जाड तारांचे दोन-तीन आणि बारीक तारांचे तीन-चार वेढे, एकाखाली एक. स्वराच्या वर गेलात तर आधी खाली उतरा आणि मग खालून चढत या. वरून उतरत थांबलात तर खुंटीच्या दात्यांतला ढिलेपणा तसाच राहतो. आणि खुंटी फिरवताना नटजवळ "टिंग" असा आवाज आला तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.


डावा_हात, खारघर

वर सगळं बरोबर आहे. पण नट नीट झाला तरी सी मध्ये तर्जनी फ्रेटच्या पत्र्याला जवळजवळ चिकटूनच हवी. दोन पत्र्यांच्या मधोमध ठेवली की दुप्पट दाबावं लागतं. अंगठा मानेच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर. कॉर्ड धरून एकेक तार सुटी छेडा, मुकी कुठली ते लगेच कळतं. सी मध्ये पहिली तार मुकी असेल तर तर्जनी आडवी पडून तिला चिकटते आहे.

अडखळण्यावर: पाऊण तास एका दमात नको, वीस-वीस मिनिटं दोनदा. आणि पूर्ण गाणं पुन्हा पुन्हा वाजवू नका, नुसते सांधे घ्या. सी वरून ए मायनरला जाताना तर्जनी (दुसरी तार, पहिला फ्रेट) आणि मधलं बोट (चौथी तार, दुसरा फ्रेट) हलतच नाहीत. फक्त अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर येते. बरेच जण सगळी बोटं उचलून पुन्हा मांडतात, वेळ तिथे जातो. ए मायनरचा अख्खा आकार एकेक तार जाड बाजूला सरकवला की ई मेजर. जी ला अनामिका सहाव्या तारेवर, मधलं पाचव्यावर, करंगळी पहिल्या तारेवर अशी सवय लावा; मग सी ला अनामिका आणि मधलं बोट जोडीने एकेक तार खाली येतात, करंगळी उचलायची आणि तर्जनीची भर घालायची.

एका मिनिटात किती बदल होतात ते मोजा. तीसवर आलात की ती जोडी गाण्यात घ्या. साठला हात बघावा लागत नाही.

एफसाठी आधी छोटा आकार: तर्जनीने पहिल्या फ्रेटवर पहिल्या दोनच तारा, मधलं तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर, अनामिका चौथीच्या तिसऱ्यावर, पाचवी-सहावी वाजवायची नाही. पूर्ण बॅरे पाचव्या फ्रेटवर शिका, तिथे तोच आकार ए मेजर होतो. जमला की चौथ्यावर, तिसऱ्यावर (तो जी), असं एकेक फ्रेट उतरत पहिल्यावर या. तर्जनी सपाट नको, अंगठ्याकडच्या कडेवर किंचित वळवा. पेरांच्या खळग्यात तार गेली की मुकी होते. बोटाची टोकं दुखणं ठीक. मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखलं तर त्या दिवशी बंद.


केरवा_दादरा, वाशी

आईंच्या भजनाला एफची वाट बघायची गरजच नाही. काळी चार म्हणजे जी शार्प. कापो पहिल्या फ्रेटवर, आकार जी चे: जी, सी, डी, ई मायनर. आणि कापो लावला की नटची भानगडही मिटते, म्हणजे हे आजपासून करता येईल. कोमल निषाद ठळक असलेलं भजन आलं तर मात्र जी मध्ये एफ मागितला जाईल. तेवढी सध्या बाजूला ठेवा.

पुढे लागेल म्हणून: काळी एकला सी चे आकार, कापो पहिला. काळी दोनला तेच आकार, कापो तिसरा. काळी पाचला जी चे आकार, कापो तिसरा. पांढरी चारला डी चे आकार, कापो तिसरा. कापो पत्र्याच्या लगेच मागे लावायचा आणि लावल्यावर पुन्हा ट्यून करायचं, तारा थोड्या चढतात. पेटी सोबत असेल तर ट्यूनर मिटवा आणि पेटीलाच जुळवा. जुनी पेटी ट्यूनरच्या ४४० हर्ट्झला असेलच असं नाही.

ताल. व्हिडिओवाले "डाउन, डाउन अप, अप डाउन अप" शिकवतात, तो केरवाच आहे. आठ मात्रा मोजा. हात विषम मात्रेला खाली, सम मात्रेला वर, न थांबता. तारेला लागतो फक्त १, ३, ४, ६, ७, ८ ला. दुसरी आणि पाचवी हवेत. पाचवीवर केरव्याची 'खाली' (टाळी नसलेली मात्रा) येते आणि नेमका तिथेच हात तारेला न लागता जातो, म्हणून तो तबल्यासोबत इतका बेमालूम बसतो. हात पाचवीवर थांबवला तर मात्र सहावी उशिरा पडते. भजनात लय घसरते ती इथे.

दादऱ्याला हेच चालवू नका, सहा मात्रांत आठ कोंबल्या जातात. पहिलीवर अंगठ्याने खर्जाची तार, दोन-तीनला हलके स्ट्रोक, चौथीवर पुन्हा खर्ज पण दबका, कारण ती खाली, पाच-सहाला हलके. मेट्रोनोम साठवर. पिक ०.६ मिमीच्या आसपासचा घ्या, जाड पिक टाळ्यांच्या वर ऐकू येतो.


सहावी_तार, ऐरोली

तारा आणि कापोचं आजच करते. एकच राहिलं: नट झाल्यावरही बाराव्या फ्रेटवर उंची जास्त वाटली तर सॅडल मी घरी घासू का? आणि गिटार सध्या हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला टांगलेली आहे.


नौपाडा_नट, ठाणे

भिंतीवरून आधी काढा. पश्चिमेची बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि गिटारची पाठ तिला टेकलेली असते. बॅगेत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. एसीच्या झोताखाली मात्र नको.

बाराव्या फ्रेटवर सहावीला २.४ आणि पहिलीला १.८ मिमीच्या आसपास आलं की पुरे. तिथे जितकं कमी करायचं त्याच्या दुप्पट सॅडल घासावा लागतो: अर्ध्या मिमीसाठी एक मिमी. पण आत्ता असलेला सॅडल घासू नका. ओलसर हवेत वरची फळी फुगते आणि ब्रिज (सॅडल ज्यात बसतो तो ठोकळा) वर येतो. लॅमिनेटेडमध्ये फरक कमी, पण असतो. आज मापात घासलेला सॅडल डिसेंबर-जानेवारीत बुटका ठरेल आणि सगळ्या तारा भणभणतील.

दुसरा सॅडल आणा, त्याच लांबी-जाडीचा. त्यावर पेन्सिलीने रेघ मारा. २२० नंबरचा पॉलिशपेपर काचेवर चिकटवून फक्त खालची बाजू घासा, सॅडल उभा धरून. तळ गोल झाला तर आवाज दबतो, म्हणून दर दहा-बारा घासांनंतर काचेवर ठेवून उजेडासमोर फट बघा. रेघेच्या थोडं अलीकडे थांबा, बसवा, ट्यून करा, मोजा. ब्रिजच्या वर किमान २ ते ३ मिमी सॅडल दिसला पाहिजे. तेवढाही उरत नसेल तर दोष मानेच्या कोनात आहे, घासणं थांबवा.

हा झाला पावसाळ्याचा. जुना पाकिटात घालून त्यावर "हिवाळा" लिहून बॅगेच्या खिशात ठेवा. दिवाळीनंतर तारा भणभणायला लागल्या की तोच परत बसवायचा.