रेसिंग गेममधल्या होर्डिंगवर खरी जाहिरात घ्यायची तर करारात काय लिहावं? मदत हवी आहे

आम्ही दोघं पीसीसाठी कार रेसिंग गेम बनवतोय. विकत घ्यायचा, पूर्ण ऑफलाइन. ट्रॅकलगतच्या होर्डिंगवर सध्या आम्हीच रचलेले ब्रँड आहेत. आता एका टायर कंपनीला तिथे स्वतःचा लोगो हवाय, ठरावीक मुदतीसाठी.

खरा लोगो टाकून ओळखीच्यांना खेळायला दिलं. वळणावरच्या होर्डिंगबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही (शर्यतीत टायरची जाहिरात असणारच म्हणा). तोच लोगो लोडिंग स्क्रीनवर आला, तेव्हा मात्र 'पैसे मोजून वर जाहिरात?' अशी कुरकुर. ती तिथून काढली.

स्टीम या पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचे नियम वाचलेत: खेळाडूला जाहिरात बघायची सक्ती नको, पण खेळात अडथळा न आणणारा, प्रसंगाला शोभणारा खरा ब्रँड चालतो. २००८ मध्ये 'बर्नआउट पॅराडाइज' या रेसिंग गेममध्ये ओबामांच्या प्रचाराची होर्डिंग्ज झळकली, ती इंटरनेटवरून बदलता येत होती. आमच्याकडे तो मार्ग नाही, आणि जाहिरातीसाठी गेम ऑनलाइन करायचा नाहीये.

मुदत संपल्यावर अपडेट देऊन लोगो काढू. पण ज्यांनी अपडेट घेतलंच नाही, त्यांच्या कॉपीत तो राहणारच. असा करार कुणी केला असेल तर सांगा, या जुन्या कॉपींसाठी कलम नेमकं कसं लिहिलंत?