रविवारीच सगळ्यात जास्त दमायला होतं, चर्चच्या कामाला नाही कसं म्हणायचं?

कल्याणची_सून

सगळ्यांना सलाम. इथं नुसती वाचत असते, आज लिहितेच. मी लोअर परळला नोकरीला, कल्याणहून रोजचं अपडाऊन. दुसरा-चौथा शनिवार सुट्टी असते पण त्यात दळण, बँक, मुलाची पीटीएम हेच. राहिला रविवार. आमचं चर्च भायखळ्याकडे, सासऱ्यांच्या वेळेपासून मेंबरशिप तिकडेच, त्यामुळे कल्याणात चर्च असूनही बदलायचा विषय घरात काढायची सोय नाही. संडेस्कूल मी घेते म्हणजे भक्तीच्या, म्हणजे सकाळच्या उपासनेच्या, आधी पोचायला हवं, भक्ती झाली की महिला मंडळ, ते झालं की क्वायरची प्रॅक्टिस, आणि आता कापणीचा सण तोंडावर आलाय तर लिलावाची वहीपण माझ्याकडे. म्हणजे भोपळा कुणी आणला, कोंबडी कुणी दिली, केकची बोली कितीला सुटली, पैसे रोख कुणी दिले आणि "पुढच्या रविवारी देतो" म्हणून कोण गेला, सगळं मी लिहायचं आणि नंतर मीच मागत फिरायचं. मग परत येताना सेंट्रलचा मेगाब्लॉक. घरी आल्यावर मटण लावायचं, सोमवारचे डबे, युनिफॉर्मला इस्त्री.

रात्री प्रार्थनेला डोळे मिटले की थेट झोपच लागते, आमेन म्हणायचं पण राहतं. सेक्रेटरींना म्हटलं थोडं कमी करा हो माझं, तर म्हणाले देवाचं काम आहे, देवच ताकद देतो. ऑफिसात निदान लीव्ह टाकता येते, इथे कुणाकडे टाकायची? खरंच विचारते, चर्चच्या कामाला नाही म्हटलं तर ते देवाला नाही म्हटल्यासारखं होतं का?

भायखळा_काका

सूनबाई, सलाम. कमिटीवर बरीच वर्षं काढलीयत म्हणून आतलं सांगतो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या नावापुढे काम लिहिलं जातं, देवाला विचारून कुणी लिहीत नाही. त्यामुळे देवाला नाही म्हटलं वगैरे डोक्यातून काढ.

आता शास्त्राचं. शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशी काम थांबवून विसावा घ्यायची, आज्ञा बायबलात दोनदा आलीये आणि दोन्हीकडे कारण वेगळं दिलंय. निर्गम 20 मध्ये कारण आहे की देवाने सहा दिवसांत सगळं निर्माण केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात मात्र कारण दिलंय, तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. आणि तिथेच म्हटलंय की तुझ्या दासाला नि दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. म्हणजे ज्यांना फारोच्या राज्यात एक दिवस सुट्टी नव्हती, वर गवत स्वतः गोळा करून विटांचा आकडा तोच ठेवा असा हुकूम होता, त्यांना देवाने बाहेर काढल्यावर सांगितलं की एक दिवस थांबा, आणि दुसऱ्यालाही थांबू द्या. बैल आणि गाढवसुद्धा यादीत आहेत.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, हे किती कडक पाळायचे बघ. तेलाचे घाणे त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नावच ठेवलं शनवार तेली. धंदा बुडेल, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ही भीती त्यांनाही असणारच की.

आणि आपल्या मुंबईत रविवार आभाळातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक, त्यांनी 1884 ला गिरणी कामगारांची संघटना काढली आणि रविवारची सुट्टी मागत राहिले, ती मिळाली 10 जून 1890 ला. रविवार खंडोबाचा वार आहे हेही त्यांनी कारणात धरलं असं सांगतात. म्हणजे ख्रिस्ती नसलेल्या माणसाने भांडून आपल्याला रविवार मोकळा करून दिला आणि आपण तो मंडळ-मीटिंग-प्रॅक्टिसने भरून टाकला. कमिटीत हे बोललो की लोक खाली बघतात.

आळशी_बॅरिटोन

काका, एक शंका. त्या यादीत मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, परका सगळे आहेत, बायको कुठाय? 😄 आमच्याकडे रविवारी भक्तीनंतर पुरुषमंडळी सोफ्यावर आडवी असतात आणि किचनात कुकरच्या शिट्ट्या. आज्ञा अगदी काटेकोर पाळतात म्हणायचं.

नाईटड्युटी_सिस्टर

बॅरिटोन, बायको "तू" मध्ये आली, त्यामुळे उठा आणि निदान भाताचा कुकर तरी लावा.

सून ताई, मी सरकारी हॉस्पिटलला नर्स आहे, आम्हाला रविवार असा नसतोच, रोस्टर लागेल तो वार सुट्टी. पहिल्यांदा फार अपराधी वाटायचं की भक्ती चुकते. आमच्या आईने मग मार्क 2 काढून दाखवला, शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही. येशूवर आरोपच हा होता की शब्बाथाला आजारी बरे करतोस, त्यामुळे वॉर्डातल्या कामाबद्दल मला आता काही वाटत नाही. पण त्याचा दुसरा अर्थ लोक सोयीने विसरतात, की मग माझ्या मंगळवारच्या सुट्टीला पण हात लावायचा नाही. सुट्टीच्या दिवशी मंडळातून फोन येतो, सिस्टर आज घरीच आहात ना, मग जरा अमक्या आजीचं बीपी बघून या. प्रेमाने म्हणतात हो, राग नाही, पण नाईट करून आलेल्या माणसाला "घरीच आहात ना" म्हणजे काय!

मला सगळ्यात जवळची गोष्ट एलीयाची वाटते, 1 राजे 19. मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आलेला, आणि थोड्याच दिवसांत रानात झुडपाखाली बसून म्हणतो देवा आता पुरे झालं, माझा जीव घे. देवदूत येऊन त्याला काय म्हणतो? ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलेलं. तो खातो आणि परत झोपतो, आणि देवदूत परत उठवून परत खायला घालतो. ना वचन, ना झापाझापी, ना विश्वास कमी पडला म्हणून उपवास-प्रार्थना. देव बोलतो ते पुढे, होरेब डोंगराला पोचल्यावर. आमच्याकडे थकलेल्या पेशंटला आधी सलाईन लावतात, केसपेपर नंतर भरतात, तसंच आहे ते.

म्हणून तुला प्रार्थनेत झोप लागते ना, लागू दे. स्तोत्र 4 शेवटी हेच म्हणतं, मी स्वस्थ पडून झोपी जातो कारण मला निर्भय ठेवणारा तू आहेस. मात्र एक कर, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घे. बायका सगळं थकव्यावर ढकलतात आणि रिपोर्टमध्ये निघतं वेगळंच.

भुईगावकर

आम्ही कॅथलिक, वसईकडले. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरतात, त्यामुळे ज्याला रविवारी पूर्ण दिवस हवा तो शनिवारीच जाऊन येतो. आणि चर्चच्या कायद्यातच लिहिलंय, कॅनन 1247, की रविवारी मिस्सेला तर जायचंच, पण भक्तीच्या, त्या दिवसाच्या आनंदाच्या आणि शरीर-मनाच्या विश्रांतीच्या आड येणारी कामंही करायची नाहीत. म्हणजे विश्रांती हा ज्याचा त्याचा लाड नाही, कायद्यात आहे. पण कागदावर. मे महिन्यात आमच्याकडे या, एका रविवारी लग्न, बाप्तिस्मा, कुणाच्या घराचा आशीर्वाद, आणि ज्याच्याकडे गेलो नाही तो वर्षभर तोंड फिरवतो.

वाडीत पूर्वी बरं होतं असं म्हातारे सांगतात, पण मला ते पटत नाही. केळीला पाणी आणि भाजीची पाटी घेऊन पहाटेची दादरची गाडी, यात आमच्या आजीला कसली आली विश्रांती. फक्त दुपारी ओट्यावर बसून बायका गप्पा मारायच्या आणि तेव्हा त्यांच्या हातात मोबाईल नव्हता एवढं खरं. मला तर चर्चच्या वॉट्सॲप ग्रुपचंच ओझं जास्त वाटतं, रात्री साडेअकराला फुलांची ड्युटी कुणाची म्हणून चर्चा चालू. मी शनिवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत ग्रुप म्यूट ठेवतो, अजून तरी कुणी चर्चमधून काढलेलं नाही.

आळशी_बॅरिटोन

फोर्टात ऑफिस असलेल्यांसाठी एक. लंच टाइमला सेंट थॉमस कथीड्रलमध्ये जाऊन बसा. 1718 चं चर्च, याच्याच दिशेने असलेल्या किल्ल्याच्या दरवाज्यावरून चर्चगेट हे नाव पडलं. बाहेर हॉर्न आणि आत पंख्याचा आवाज. मी तिथे प्रार्थना वगैरे पण करत नाही फारशी, फक्त बसतो, कुणी काम सांगत नाही. चर्चमध्ये जाऊन कुणी काम न सांगणं हा अनुभव घेऊन बघा एकदा.

कल्याणची_सून

सिस्टर, तपासण्या या आठवड्यात करते, डोक्यातच नव्हतं आलं. काका, तुमचं वाचून मिस्टरांना अनुवाद 5 मोठ्याने वाचायला लावलं, दासीपर्यंत आले आणि थांबले, काही बोलले नाहीत, पण मटण त्यांनी केलं. तिखट झालं होतं, मी गप्प बसले.

क्वायर सोडतेय नाताळनंतर. संडेस्कूल नाही सोडणार कारण ते मला आवडतं, मुलांबरोबर दमायला होत नाही तेवढं, हे लिहिताना कळतंय. महिला मंडळाचं महिन्यातून एकदाच येईन असं सेक्रेटरींना सांगायचंय पण ते कसं सांगायचं, मेसेज टाकू की समोर बोलू?

भायखळा_काका

समोर. आणि कारण देऊ नकोस, कारण दिलं की ते त्यावर तोडगा काढतात. "मुलाला कुणी सांभाळेल" म्हणतील, मग तू अडकलीस. फक्त म्हण, महिन्यातून एकदा येईन. एक पर्यायी नावही सुचवू नकोस, नाहीतर ती बिचारी अडकेल.

पाळकाची_मुलगी

माझं पण एक ऐका. माझे वडील पाळक आहेत, रविवारी दोन भक्ती, मध्ये दवाखान्यात भेट, रात्री कुणाच्या तरी घरी घरसभा. त्यांची सुट्टी सोमवार, आणि सोमवारी सकाळी सातपासून फोन चालू, कारण लोकांना वाटतं आज पाळकसाहेब मोकळे आहेत. बाप्तिस्म्याचा दाखला, हॉलचं बुकिंग, माइक खरखरतो. मरण असेल, कुणी अ‍ॅडमिट असेल तर मध्यरात्री फोन करा, ते येतात, कधीच नाही म्हणत नाहीत. दाखल्यासाठी मंगळवारी केलात तरी चालतो.