सीडी-८ पेशी गाठीत असूनही पीडी-१ चं औषध का लागू पडत नाही?

रंकाळाकाठ
शिवाजी विद्यापीठातल्या एम.एस्सी.च्या मुलांसाठी कोल्हापुरात तास तयार करतोय. नेहमीचं चित्र असं: सीडी-८ पेशी (मारक टी पेशी, रोगप्रतिकारक पांढरी पेशी) कर्करोगाची पेशी मारते, पीडी-१ (टी पेशीवरचं लगाम घालणारं प्रथिन) तिला थोपवतं, औषध तो अडसर काढतं. मग अडसर काढूनही बऱ्याच रुग्णांत गाठ तशीच का राहते? बाकीच्या पेशींचं काम काय?

पंचगंगातीर
या चित्रात डेंड्रिटिक पेशी (टी पेशीला शत्रूची ओळख करून देणारी पेशी) राहिली, आणि सगळी गोम तिथंच आहे. गाठीतल्या मेलेल्या पेशींचे तुकडे घेऊन ती जवळच्या लसिकाग्रंथीत जाते आणि ते टी पेशीला दाखवते. नुसतं दाखवून भागत नाही. तुकड्याबरोबर डेंड्रिटिक पेशीवरच्या बी-७ प्रथिनाची टी पेशीवरच्या सीडी-२८ शी जोडणी व्हावी लागते, शिवाय आयएल-१२ सारखा सायटोकाइन (पेशींमधला निरोप्या रेणू) लागतो. बी-७ नसेल तर टी पेशी ओळख पटूनही निपचित पडते. सीडी-४ मदतनीस पेशी (दुसऱ्या प्रकारची टी पेशी) इथंच उपयोगी पडते: तिच्यावरचा सीडी-४० लायगँड डेंड्रिटिक पेशीच्या सीडी-४० ला जुळला की डेंड्रिटिक पेशी सीडी-८ ला नीट तयार करते. या मदतीशिवाय घडलेल्या सीडी-८ पेशींची स्मृती टिकत नाही.

आता तुमचा प्रश्न. पीडी-१ मुख्यतः सीडी-२८ चाच निरोप पुसतं. म्हणजे औषध दिलं, पण बी-७ असलेली पेशी शेजारी नसेल, तर वाचवायला निरोपच नसतो! सीटीएलए-४ (टी पेशीवरचा दुसरा अडसर) तर बी-७ च बळकावतं, आणि तेही बरंचसं लसिकाग्रंथीत. म्हणून इपिलिमुमॅब (सीटीएलए-४ रोखणारं औषध) आणि निवोलुमॅब (पीडी-१ रोखणारं) यांची कामं वेगळी शिकवा. २०१८ चं नोबेल अ‍ॅलिसन आणि होंजो यांना मिळालं ते या दोन अडसरांसाठीच.

भुदरगडकर
आणखी दोन कारणं. गाठीने बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन गमावलं की एमएचसी-१ (सीडी-८ ला तुकडे दाखवणारं प्रथिन) पृष्ठभागावर येत नाही आणि सीडी-८ आंधळी होते. अशा पेशी एनके पेशींनी (एमएचसी-१ नसलेल्या पेशी मारणाऱ्या नैसर्गिक मारक पेशींनी) टिपायच्या असतात. डेंड्रिटिक पेशींना गाठीत बोलावणाऱ्याही त्याच. दुसरं, पार थकलेल्या टी पेशी औषधाने फारशा उठत नाहीत. वाढतात त्या टीसीएफ-१ प्रथिन असलेल्या, अजून ताकद राखून असलेल्या.

पीडी-एल१ (पीडी-१ ला जुळून टी पेशीला थोपवणारं प्रथिन) चा रिपोर्टही जपून वाचायला शिकवा. टी पेशीने सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमा या सायटोकाइनमुळे गाठ पीडी-एल१ वाढवते, तेव्हा तो बऱ्याचदा लढाई चालू असल्याची खूण असतो. पण काही गाठी जनुकातल्या बदलामुळे तो आपोआपच बनवतात.

रंकाळाकाठ
फार उपयोगी. दुष्परिणामांबद्दल काय सांगू?

पंचगंगातीर
तेच सोडलेले अडसर आतडं, फुफ्फुस, यकृत, थायरॉइडवरही उलटतात, कधी औषध थांबवून महिने झाल्यावरही. इंजेक्शन कोल्हापुरात होतं आणि जुलाब चंदगडला घरी लागतात. तिथं ते साधं पोट बिघडणं समजून नुसतं लोपेरामाइड (जुलाब थांबवणारं औषध) दिलं, तर आतड्याची सूज आत वाढत राहते. नेहमीपेक्षा दिवसाला ४ वेळा जास्त जुलाब झाले की लगेच कर्करोगतज्ज्ञांना फोन. जंतुसंसर्ग तपासून ते साधारण किलोमागे रोज १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) सुरू करतात आणि ४ ते ६ आठवड्यांत उतरवतात. घाईने बंद केलं की सूज परत उसळते. रुग्णाच्या खिशात औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहिलेलं कार्ड हवंच.